कामठ्याचा बांबू

धनुष्य ओढले की त्याची लक्ष्याकडची पाठ ताणली जाते आणि तिरंदाजाकडचे पोट दाबले जाते. बांबूची घडण या कामाला आयतीच जुळते. त्याचे बळकट तंतू सालीलगत दाटीने असतात, आत पोकळीकडे ते विरळ होत जातात. म्हणून साल पाठीला ठेवून पट्टी आतून तासतात. पाठीवरचे तंतू कापले गेले, तर तिथूनच चिरफळी निघते.

‘बांबू पोलादाहून मजबूत’ हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येते. सालीलगतच्या तंतूंपुरते ते फार तर खपेल, अख्ख्या पट्टीला लागू नाही. धनुष्यात प्रश्न वेगळाच असतो: वजनाच्या मानाने ऊर्जा किती साठते? पोलाद बांबूच्या सुमारे 10 पट ताठ आणि जवळपास तितक्याच पटींनी जड. मुघल काळात पोलादी धनुष्येही घडवली गेली. दमट हवेत ती बिघडत नसत, शस्त्रागारात वर्षानुवर्षे टिकत. पण शिंग आणि कंडरांच्या धनुष्याचा वेग त्यांना कधी आला नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला अंबाबरवा अभयारण्याचा सातपुडा. सातपुड्यातला बांबू म्हणजे मुख्यतः मानवेल. कोरड्या, खडकाळ उतारावर तो जाड भिंतीचा, कधी जवळजवळ भरीव होतो, आणि धनुष्याला तोच हवा. भिल्लांच्या कामठ्याची, म्हणजे धनुष्याची, दोरीसुद्धा बांबूच्या सालीची असते!

बांबू एकाच पावसाळ्यात पुरी उंची गाठतो, पण जून व्हायला तीनेक वर्षे घेतो. टोपलीला कोवळा चालतो, धनुष्याला नाही. कोंब काढण्यात बेटातले पिष्ट खर्ची पडते. म्हणून पावसाळ्यानंतर तोडलेल्याला भुंगा कमी लागतो. तो सावलीतच वाळवावा, विदर्भाच्या उन्हात तडकतो. पेरांवरच्या गाठींपाशी तंतू वळसे घेतात, त्या पार सपाट करू नयेत.

खरी परीक्षा तासण्यात. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: जाडी 10 टक्के घटली, की ताठपणा 27 टक्के जातो. म्हणून शेवटी कोयता बाजूला ठेवून काचेच्या तुकड्याने खरवडतात आणि दर वेळी दोन्ही बाजू सारख्या वाकतात का, ते पाहतात.

बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत डच तिरंदाज माइक श्लोसरला हरवले, ते कंपाउंड म्हणजे कप्प्यांच्या धनुष्याने. अशा धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्या राळेत बसवलेल्या काचतंतूंच्या किंवा कार्बनतंतूंच्या असतात, तत्त्व बांबूचेच. खुद्द बांबूचे धनुष्य राष्ट्रीय स्पर्धांच्या ‘इंडियन राउंड’ प्रकारात 30 आणि 50 मीटरवर अजून चालते.