कुटुंबवैद्याचें स्वास्थ्य

घरांत मूल तापानें फणफणलें, आजोबांच्या छातींत कळ आली, किंवा सूनबाईस रात्रभर ओकाऱ्या झाल्या, कीं ज्याचें नांव प्रथम तोंडीं येतें तो घरचा डॉक्टर. नांदेडच्या वजिराबादेंत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास काय, अशा डॉक्टराच्या पायरीवर सकाळीं चपलांची जी रास पडलेली असते, तिच्यावरूनच त्याच्या दिवसाची कल्पना येते. नांदेडास कंधार, मुखेड, देगलूर, बिलोलीकडचे रोगी येतात. लातुरास औसा, निलंगा, उदगीर, अहमदपुराकडचे. बिलोलीच्या बाजूनें आलेल्या म्हातारीशीं दोन शब्द तेलुगूंत बोलावे लागतात, जुन्या मोहल्ल्यांतल्या बाईशीं दखनींत. नाडी पाहावयाची, औषध लिहून द्यावयाचें, आणि शिवाय मुलीच्या लग्नाची व सोयाबीनच्या भावाची हकीकतहि ऐकून घ्यावयाची. हें सारें करणाऱ्या माणसाच्या मनाची काळजी कोणी वाहावी, आणि ती वाहण्याचें शिक्षण त्याला स्वतःला देतां येतें काय, हा प्रश्न रोग्याच्या घरीं सहसा कोणाला सुचत नाहीं. ताप उतरला म्हणजे झालें.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार तसा अलीकडचा आहे. १९७४ सालीं हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या न्यू यॉर्कच्या मानसशास्त्रज्ञानें एक निबंध लिहिला. तो एका मोफत दवाखान्यांत काम करी. तेथें उत्साहानें आलेलीं माणसें कांहीं महिन्यांतच चिडखोर, थकलेलीं व निरिच्छ होतात, असें त्याच्या ध्यानांत आलें, आणि या अवस्थेस त्यानें ‘बर्न-आउट’ असें नांव दिलें. मराठींत त्याला ‘करपणें’ म्हणावयास हरकत नाहीं. दूध उतूं गेलें तर दिसतें, पण तळाशीं करपलें तर वास येईपर्यंत कळत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. पुढें क्रिस्तिना मॅस्लाक या अमेरिकन विदुषीनें त्याचीं तीन अंगें सांगितलीं. पहिलें, मनाचा सगळा ओलावा आटून जाणें. दुसरें, समोरचा मनुष्य मनुष्य न वाटतां नुसता ‘केस’ वाटूं लागणें. तिसरें, आपण करतों त्यांत कांहीं अर्थ नाहीं असा ग्रह होणें. १९८१ सालीं तिनें हें मोजण्याची प्रश्नावली सिद्ध केली व ती आज जगभर वापरली जाते. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या वर्गीकरणांत या अवस्थेची व्याख्या दिली. मात्र हा रोग नव्हे, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न निवळलेल्या ताणाचा परिणाम आहे, असें तिनें स्पष्ट केलें. हा भेद महत्त्वाचा आहे. रोग म्हटला कीं औषध रोग्यास द्यावयाचें. येथें औषध कामासहि द्यावें लागतें.

या तिहींपैकीं दुसरें अंग रोग्याच्या दृष्टीनें सर्वांत घातक होय. ज्या डॉक्टराला समोरचा मनुष्य दिसेनासा झाला, तो त्याचें बोलणें अर्ध्यावर तोडतो. आणि रोगाचें मर्म पुष्कळदां त्या तोडलेल्या अर्ध्यांतच असतें. तेव्हां डॉक्टराचें स्वास्थ्य ही केवळ डॉक्टराची खासगी बाब राहत नाहीं.

लातूर व नांदेड या शहरांना या विषयाशीं आणखी एक नातें आहे. ‘लातूर पॅटर्न’ हें नांव घरोघर माहीत आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतून अभ्यासाची जी कसून तयारी सुरू झाली, तिचें आज मोठें क्षेत्र बनलें आहे. खेड्यापाड्यांतून आलेलीं मुलें खोल्या भाड्यानें घेऊन, डबा लावून, ‘नीट’च्या ७२० गुणांसाठीं दोन-दोन वर्षें घालवितात. पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र यांत तीं वाकबगार होतात. या परीक्षेंत एकहि प्रश्न असा नसतो कीं, बाप गेला हें मुलाला कसें सांगावें. तो परीक्षेचा दोष म्हणतां येणार नाहीं. पण पुढेंहि हा प्रश्न फार वर्षें कोणी शिकविला नाहीं. नांदेडचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालीं निघालें, लातूरचें २००२ सालीं. वृत्ति, नीति व संभाषण यांचें रीतसर शिक्षण देशांतील वैद्यकीय अभ्यासक्रमांत शिरलें तें २०१९ च्या तुकडीपासून. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीच्या घरांत असलेला आपला डॉक्टर त्याच्या आधीं शिकून बाहेर पडलेला. शिवाय ज्यांस लोक घरचा डॉक्टर म्हणून ओळखतात, त्यांत आयुर्वेद व होमिओपॅथी शिकलेले पुष्कळ. त्यांची परीक्षा निराळी असली तरी दुःख तेंच. आणि हें दुःख विद्यार्थिदशेंतच सुरू होतें. राष्ट्रीय वैद्यक आयोगानें नेमलेल्या कृतिदलानें २०२४ सालीं जी पाहणी प्रसिद्ध केली, तींत उत्तर देणाऱ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकीं सुमारें २८ टक्क्यांनीं आपणांस मानसिक विकार असल्याचें कळविलें.

मग हें शिकवितां येतें काय? येतें, असें म्हणण्यास आधार आहे. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्यें मायकेल बॅलिंट या हंगेरींत जन्मलेल्या मनोविश्लेषकानें व त्याची सहकारी एनिड हिनें सामान्य डॉक्टरांचीं छोटीं मंडळें सुरू केलीं. रीत साधी. आठ-दहा डॉक्टर गोलाकार बसतात. एकजण कागद न पाहतां एका रोग्याची हकीकत सांगतो. रोगी कोणता? जो दारांत दिसतांच पोटांत गोळा येतो, तो. इतरांनीं औषध सुचवावयाचें नाहीं; त्या रोग्याच्या व या डॉक्टराच्या मध्यें काय चाललें आहे तेवढेंच पाहावयाचें. बॅलिंटचें म्हणणें असें कीं, डॉक्टर जें औषध सर्वांत अधिक वापरतो तें म्हणजे तो स्वतः; आणि त्याच औषधाची मात्रा व त्याचे दुष्परिणाम कोणत्याहि पुस्तकांत दिलेले नसतात. त्याचा ग्रंथ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या नांवाचीं मंडळें आजहि अनेक देशांत भरतात.

अलीकडचा प्रयोग अमेरिकेंतील रॉचेस्टर येथला. तेथें ७० कुटुंबवैद्यांस व तत्सम डॉक्टरांस आठ आठवडे, दर आठवड्यास अडीच तास, व पुढें दहा महिने महिन्यास एकदां, असें शिक्षण देण्यांत आलें. श्वासाकडे लक्ष देऊन स्वस्थ बसणें, आपल्या हातून घडलेली एखादी चूक वा एखादी सार्थ भेट लिहून काढणें, ती जोडीदारास सांगणें, आणि जोडीदारानें मध्यें न बोलतां ऐकणें, इतकेंच त्याचें स्वरूप. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. करपणें कमी झालें होतें व रोग्याविषयींची आपुलकी वाढली होती. तुलनेसाठीं शिक्षण न दिलेला दुसरा गट मात्र तेथें नव्हता, हें सांगितलें पाहिजे. ती उणीव २०१४ च्या मेयो क्लिनिकमधील प्रयोगानें कांहींशी भरून निघाली. तेथें ७४ डॉक्टरांपैकीं चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें निवडलेल्या निम्म्यांस दर पंधरवड्यास एक तास कामाच्या वेळांतूनच मोकळा दिला व गटांत बसविलें. त्यांस आपलें काम अधिक अर्थपूर्ण वाटूं लागलें. त्यांतलें खरें इंगित गटांत जितकें आहे, तितकेंच त्या मोकळ्या केलेल्या तासांत आहे!

मराठी मुलखांतहि साधनें नाहींत असें नाहीं. अल्बर्ट एलिस यानें १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धति मुंबईचे कि. मो. फडके यांनीं मराठींत रुजविली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं ठाण्यास स्थापिलेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनें ती सामान्य लोकांपर्यंत नेली. या पद्धतीचें सूत्र असें कीं, घटनेपेक्षां घटनेविषयींचा आपला हट्ट अधिक जाळतो. ‘माझ्या हातचा रोगी दगावतां कामा नये’ ही इच्छा झाली तर ती डॉक्टरास शोभते. ‘दगावला म्हणजे मी निकामी’ हा हट्ट झाला तर तो त्याला पोखरतो. चरकसंहितेंतहि वैद्याची वृत्ति चार प्रकारची सांगितली आहे. सर्वांशीं मैत्री, आर्तांविषयीं करुणा, साध्य रोग्याविषयीं उमेद, आणि ज्याचा अंत ठरलेला आहे त्याविषयीं उपेक्षा. येथें उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे. आपल्या हातीं नाहीं तें हातचें सोडण्याची तयारी. चारांपैकीं हीच शिकण्यास सर्वांत कठीण.

पण नांदेड-लातुरांत असें मंडळ भरवावयाचें म्हटलें, तर अडचणी लंडनच्या नाहींत. लहान शहरांत रोग्याचें नांव न सांगतांहि तो कोण हें समोरच्याला कळतें. समोर बसलेला डॉक्टर पुढच्या गल्लींतला प्रतिस्पर्धी असतो. आणि ‘मला भीति वाटते’ हें वाक्य ज्याच्या तोंडून निघालें, त्याचा दवाखाना ओस पडेल अशी धास्ती असते. उपाय एकच: नांदेडच्या डॉक्टरांनीं लातुरास जाऊन बसावें, लातूरच्यांनीं नांदेडास. दुसरी सोय कायद्यानेंच करून ठेवली आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी ५ वर्षांनीं नवी करतांना ३० गुणांक दाखवावे लागतात. त्यासाठींच्या सभांतून नव्या औषधांचें विवेचन पुष्कळ होतें. त्यांतले दोन-चार गुणांक अशा मंडळास मिळाले तर डॉक्टर आपोआप येतील. आधीं गुणांकांसाठीं येतील, मग गरज म्हणून.

येथें एक सावधगिरी मात्र हवी. शिक्षणाच्या नांवाखालीं सगळा भार डॉक्टराच्याच मनावर टाकणें हा शुद्ध अन्याय होईल. २०१७ सालीं अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र ताडून पाहण्यांत आले, तेव्हां असें दिसलें कीं, नुसत्या व्यक्तीस शिकविण्यापेक्षां कामाची घडी बदलल्यानें अधिक फरक पडतो. डॉ. अरुण गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांनीं ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन त्यांची व्यथा जगापुढें मांडली. रोगी पाठविल्याबद्दल मिळणारी ‘कट’ न घेणारा डॉक्टर कसा एकटा पडतो, हें तींत वाचावयास मिळतें. अशा डॉक्टरास डोळे मिटून श्वास मोजावयास सांगणें म्हणजे जखमेवर अत्तर लावणें होय. मारहाणीचेंहि तसेंच. डॉक्टरांवरील हल्ल्यांस आळा घालणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० सालचा. तींत ३ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. तरीहि भीति गेली नाहीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत ४८ तासांत ३१ रोगी दगावले. त्यांत नवजात अर्भकें होतीं. आईबापांचा आक्रोश कोणाचेंहि काळीज फोडील असाच होता. त्यानंतर एका खासदारानें प्रभारी अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेतलें, आणि तें दृश्य देशानें पाहिलें. त्यानें औषधांचा वा माणसांचा तुटवडा तिळमात्र कमी झाला नाहीं. त्या दिवशीं गल्लीगल्लींतल्या डॉक्टरांनींहि तें चित्र पाहिलें असेल, एवढें मात्र खरें.

घरच्या मंडळींच्या हातीं असलेल्या गोष्टी लहान आहेत. रात्रीं अकरा वाजतां पुरळाचें छायाचित्र डॉक्टराच्या फोनवर धाडून पांच मिनिटांनीं ‘पाहिलें का?’ असें विचारण्याची संवय सुटली तरी पुष्कळ झालें. दोन शेजारच्या डॉक्टरांनीं आळीपाळीनें रविवार सुटीचा ठरविला, तर रोग्यांनीं दुसऱ्याकडे जातांना कुरकुरूं नये. १९४८ सालीं जागतिक वैद्यक संघटनेनें जिनीव्हा येथें डॉक्टरांसाठीं जी प्रतिज्ञा तयार केली, तींत रोग्याच्या स्वास्थ्याची चिंता होती. डॉक्टरानें स्वतःच्या स्वास्थ्याकडेहि लक्ष द्यावें हें कलम तींत यावयास २०१७ साल उजाडावें लागलें.

आणि ज्याला मंडळाची वाट पाहण्याइतकाहि धीर उरला नाहीं, त्या डॉक्टरानें काय करावें? गांवांतल्याच मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास तो कचरतो, कारण तेथील बांकावर त्याचेच रोगी बसलेले असतात. त्याच्यासाठीं ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सोय आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला म्हणजे रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतून बोलतां येतें.