गुहेत मुक्काम करताय? झोपण्याआधी एवढं ऐका

ट्रेकचा सीझन सुरू झाला की मला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, टेंट न नेता गडावरच्या गुहेत राहिलं तर चालतं का?"

चालतं. मीसुद्धा कितीतरी रात्री गुहेत काढल्यात. पण एका रात्री आम्ही सहा जण थोडक्यात वाचलो, आणि आजचा एपिसोड त्या रात्रीमुळेच आहे. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे खाली लिहूनही देतेय.

डिसेंबर होता. अकोले तालुक्यातल्या एका गडावर होतो आणि थंडी अशी की बोटं वळत नव्हती. गुहा छोटी, तोंड अरुंद. आम्ही आतच चूल मांडली, पिठलं-भात केला, जेवलो. वारा आत यायला लागला म्हणून कोणीतरी गुहेच्या तोंडावर ताडपत्री बांधली. चुलीत निखारे होते. धूर संपला होता, ऊब छान येत होती. म्हटलं, राहू दे रात्रभर.

रात्री कधीतरी माझं डोकं ठणकायला लागलं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "मला मळमळतंय गं." एक मित्र उठायला गेला आणि तोल जाऊन खाली बसला. आम्हाला वाटलं ॲसिडिटी, नाहीतर पिठलं बाधलं. आमच्याबरोबर गावातले एक मामा होते, ते बाहेर कातळावर घोंगडी घेऊन झोपले होते. आमची कुजबुज ऐकून ते आले, ताडपत्री ओरबाडून काढली आणि ओरडले, "आधी बाहेर या सगळी! कोळशानं माणूस झोपेतच जातं!"

मामांनी कधी कार्बन मोनॉक्साइड हा शब्द ऐकला नसेल. पण प्रकार तोच होता.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असं नाही

लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. धुराने निदान डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आपण बाहेर पळतो. निखारे मात्र शांतपणे हा वायू सोडत राहतात. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरून ठेवतं. म्हणजे श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. हा वायू साधारण हवेइतक्याच वजनाचा असल्याने सगळीकडे मिसळतो. खाली आडवं झालं म्हणून सुटका नाही.

लक्षात ठेवायची खूण एकच: एकाच वेळी दोन-तीन जणांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर जेवणाला दोष देत बसू नका. सगळ्यांना उघड्यावर काढा. कोणी गुंगीत असेल, बोलताना अडखळत असेल तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण यावर खरा उपाय हॉस्पिटलमधला ऑक्सिजन आहे.

म्हणून नियम साधा. चूल गुहेच्या बाहेर, गॅसचा स्टोव्हसुद्धा बाहेर. ऊब हवी असेल तर दोन जॅकेट जास्त घ्या, मॅटखाली अजून एक मॅट टाका. आणि तोंड कधीही पूर्ण बंद करू नका.

छताकडे बघा, मग जमिनीकडे

"लेणी दोन हजार वर्षं टिकलीत, आज रात्रीच पडणार आहेत का?" असं मला एकाने विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. नाणेघाटातली गुहा सातवाहनांच्या काळातली आहे आणि आजही उभी आहे. पण टिकलंय ते मुख्य कोरीव काम. दर्शनी भाग, वरचा कडा, पुढची कपार हे सगळं ऊन-पावसात झिजत असतं.

आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो. आपण ज्याला नैसर्गिक कपार म्हणतो, ती बऱ्याचदा अशीच बनते. म्हणजे तिच्या छताचा आधार हळूहळू निघून चाललेला असतो. दोन थरांमधून पाणी झिरपतं, भेगेत झाडाची मुळं शिरतात, आणि एक दिवस तुकडा सुटतो.

त्यामुळे सॅक टाकायच्या आधी टॉर्च मारून बघा. जमिनीवर धारदार कडांचे, आतून ताज्या रंगाचे दगड पडलेत का? छताला भेग आहे का, त्यातून पाणी ठिबकतंय का? असेल तर तिथे झोपू नका. अगदी तोंडाशी, जिथे वरून पाणी पडतं त्या रेषेवरही झोपू नका. वरच्या कड्यावर माकडं फिरली तरी दगड सुटतात. पावसाळ्यात आणि पाऊस संपल्या संपल्या तर जास्तच सावध.

आधीपासून राहणारे

गुहा रिकामी नसते. कड्याला आग्या मोहोळ आहे का ते उजेडातच बघा. असेल तर त्या गुहेत मुक्काम नाही, विषय संपला. धूर, उग्र परफ्यूम, आरडाओरडा, रात्री त्यांच्यावर मारलेला टॉर्च, कशानेही त्या चवताळू शकतात.

साप उबेसाठी आणि उंदरांसाठी येतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा झोपेत कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो. अशी लक्षणं दिसली तर जखम कापू नका, दोरी आवळून बांधू नका. त्या माणसाला चालवू नका, शक्य तितकं स्थिर ठेवून हॉस्पिटलला न्या. सगळ्यात सोपा बचाव म्हणजे गुहेतसुद्धा जाळीचा आतला टेंट लावायचा आणि चेन पूर्ण बंद करायची. उष्टं-खरकटं आत ठेवायचं नाही, म्हणजे उंदीर येत नाहीत.

सकाळी बूट झटकूनच घाला. विंचवाला चेष्टेत घेऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली, त्याआधी कोकणात या दंशाने बरीच माणसं जायची. औषध आहे, पण ते गडावर नाही, दवाखान्यात आहे.

रात्री उठताना

हा धोका कोणी मोजतच नाही. गोरखगडाची गुहा आठवा. समोर चाफा, आणि पुढे सरळ दरी. झोपेत उठून लघवीला गेलेला माणूस कुठे पाय टाकेल? हेडटॉर्च उशाशी ठेवा, उजेडातच जागा ठरवून ठेवा आणि एकट्याने जाऊ नका.

आणि परवानगी?

हरिश्चंद्रगडासारखी ठिकाणं अभयारण्यात येतात, काही लेणी संरक्षित स्मारकं आहेत. मुक्काम चालतो का, हे वनखात्याकडे किंवा पायथ्याच्या गावात विचारूनच निघा. चुलीच्या काजळीने काळी पडलेली भिंत परत कोणाला उजळ करता येत नाही.

त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत मामांच्या घोंगडीत दाटीवाटीने बसलो होतो. कुडकुडत होतो, पण शुद्धीवर होतो. निघताना मामा एवढंच म्हणाले, "थंडीनं रात मोठी वाटती पोरी, पण सकाळ होती."

तर या वीकेंडला निघणार असाल तर हा एपिसोड तुमच्या ट्रेकच्या ग्रुपवर टाका. विशेषतः जो मित्र शेकोटीसाठी लाकडं गोळा करायला सगळ्यात पुढे असतो ना, त्याला. काळजी घ्या, भेटूच!