मानसशास्त्राची पदवी : तिचा उपयोग व तिची मर्यादा

मुलीनें महाविद्यालयांत मानसशास्त्र घेतलें, कीं घरांतील मंडळी विचारतात, “आतां ही आमच्या मनांतलें ओळखणार काय ?” हा गैरसमज होय. १८७९ सालीं विल्हेल्म वुंट यांनीं लाइपझिग येथें प्रयोगशाळा स्थापिली, तेव्हांपासून हें शास्त्र प्रयोग व मोजमाप यांवर उभें आहे. भारतांत कलकत्ता विद्यापीठानें १९१६ सालीं त्याचा स्वतंत्र विभाग उघडला. पदवीचा विद्यार्थी स्मृति, अवधान, भावना यांचा अभ्यास करतो, निरर्थक अक्षरें पाठ करवून विस्मरण मोजतो, संख्याशास्त्रही शिकतो.

परंतु तेवढ्यानें तो मनोरुग्णांवर उपचार करण्यास पात्र होत नाहीं. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञास पुढील उच्च शिक्षण, रुग्णांसमवेत देखरेखीखालीं केलेलें काम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. औषधें देणारा मनोविकारतज्ज्ञ तर मुळांत वैद्यकाचा पदवीधर असतो. हे नियम जाचक वाटले, तरी अर्धवट ज्ञानाची किंमत अखेर रुग्णासच द्यावी लागते.

तथापि ही पदवी वायां जात नाहीं. कारखान्यांतील नोकरभरती, ग्राहकांची पाहणी, समाजकार्य यांत ती उपयोगी पडते. शिक्षकाच्या पेशाचा तर ती पायाच ठरूं शकते. म्हणून उपचाराची वाट धरावयाची असल्यास तीन-चार वर्षांचा नव्हे, तर त्याहून बऱ्याच दीर्घ काळाचा हिशेब पालकांनीं प्रवेशापूर्वींच करावा.