आउटबोर्ड इंजिनाची निवड आणि दुरुस्तीची सोय

इंजिन, गिअर आणि पंखा एकाच सांगाड्यात बसवून होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवले जाणारे यंत्र म्हणजे आउटबोर्ड इंजिन होय. यामाहा, सुझुकी, होंडा, तोहात्सू, मर्क्युरी या प्रमुख उत्पादकांची समान अश्वशक्तीची इंजिने कामगिरीत बरीच जवळपास असल्याने, कोकणातल्या छोट्या होडीच्या मालकाने नाममुद्रेआधी जवळच्या बंदरात कोणत्या इंजिनाचा जाणकार मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात, हे पाहणे अधिक हिताचे ठरते.

याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत खेचणारे रबरी पात्यांचे चक्र, म्हणजे इम्पेलर, वाळू आणि गाळाने झिजते. तेव्हा इंजिनाबाहेर पडणारी पाण्याची बारीक धार मंदावते आणि दुर्लक्ष झाल्यास इंजिन तापून निकामी होऊ शकते. हा भाग स्वस्त असला, तरी तो अनेकदा मॉडेलनुसार वेगळा असल्यामुळे स्थानिक दुकानात नसेल, तर ऐन हंगामात होडी किनाऱ्यावर अडकून पडते.

विक्रेत्याची निवडही महत्त्वाची आहे, कारण फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल साधारणपणे पहिल्या २० तासांनंतर आणि पुढे दर १०० तासांनी बदलावे लागते आणि ही नियमित देखभाल जवळच होऊ शकली पाहिजे. नामांकित उत्पादनही बंद होऊ शकते, हे २०२० मध्ये एव्हिनरूड इंजिनांची निर्मिती थांबली तेव्हा दिसले. म्हणून खरेदीपूर्वी इम्पेलर, पंखा आणि इंधन फिल्टर दुकानात प्रत्यक्ष शिल्लक आहेत का, हे विचारावे आणि तेच इंजिन वापरणाऱ्या मच्छीमारांचा अनुभव जाणून घ्यावा.