दहावीचं वर्ष आणि एक कागद

विश्रांतवाडीत राहून दहावीत गेलात, की वर्षाची सुरुवात मोठी झोकात होते. नवी पुस्तकं, क्लासची बोलणी आणि त्याच सुमारास आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी याच रस्त्याने पुण्यात शिरते!

तुमच्यापैकी कुणी बसने कॅम्पात शाळेला जात असेल, तर सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल त्याला ठाऊक असणारच. येशूसंघाच्या फादरांची ही शाळा १८६७ सालची. अशा कॅथलिक शाळेतलं शेवटचं वर्ष म्हणजे सिनेमासारखं टोप्या उडवणं असेल, असं वाटतं ना? छे! परीक्षा बोर्डाचीच. इंग्रजी माध्यम असलं तरी मराठीचा पेपर चुकत नाही. १९७५ पूर्वी मॅट्रिक अकरावीला असे, आजोबांना विचारून बघा.

निरोप समारंभात रडू येतंच. त्याबद्दल काय सांगायचं! पण त्या गडबडीत एक कागद सगळे विसरतात. तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ त्यावर जसं असेल तसंच पुढे कॉलेजात आणि पासपोर्टसाठी विचारलं जातं. शाळेत असताना चूक दुरुस्त करणं त्या मानाने सोपं, शाळा सुटल्यावर मात्र खेटे घालावे लागतात. थोरला डिसोझा, धाकटा डिसूझा असं एकाच घरात होतं. कुलकर्ण्यांचंही स्पेलिंग चुकतं, बरं का!

तेव्हा बोर्डाचा फॉर्म आईबाबांसमोर ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. मधल्या सुट्टीत मित्राच्या पाठीवर कागद धरून सही ठोकू नका!