एकाला सात जण का लागतात?

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये प्रो कबड्डीची मॅच लागली की एकच चर्चा असते, आज त्याने किती पॉइंट काढले? 'त्याने' म्हणजे अर्थातच चढाईपटूने. पकड करणाऱ्यांची नावं मॅच संपली तरी निम्म्या पब्लिकला सांगता येत नाहीत. मी स्वतः कॉलेजच्या टीममध्ये डाव्या कोपऱ्यावर खेळतो, तेव्हा हा लेख थोडा स्वार्थापोटी लिहिलाय असं समजायला हरकत नाही. पण दुसरंही कारण आहे. पुढच्या महिन्यात झोनल आहे, आणि आमच्या गटात असा एक गडी आहे की मागच्या वर्षी त्याने एकट्याने त्यांच्या टीमचे निम्म्याहून जास्त गुण मिळवले होते. स्पर्धा बाद पद्धतीची. हरलो की त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीने परत. आमच्या टीममधल्या चौघांचं हे शेवटचं वर्ष आहे, त्यांना पुढची संधी नाही.

तर प्रश्न असा, की समोर नावाजलेला चढाईपटू असेल तर त्याला रोखायचं कसं?

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातला, शिकायला सांगलीत. दोन्हीकडे यात्रा म्हटली की कुस्तीचा फड आणि कबड्डीचं मैदान आलंच. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग अडके दबंग दिल्लीकडून खेळला आणि २०१५ च्या प्रो कबड्डीत सर्वोत्तम चढाईपटू ठरला, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याची कॉलर ताठ झाली होती. असा एखादा गडी आपल्या बाजूला असला की छाती फुगते. पण तोच समोरून 'कबड्डी कबड्डी' करत आला की?

आधी मैदानाचा हिशोब बघू. आपण इंजिनिअर लोक, आकडे असल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईला ३० सेकंद. कोणाला न शिवता परत जायचं असेल तर चढाईपटूने निदान रेषा ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. म्हणजे त्याला आपल्या घरात शिरावंच लागतं. पण घरी परतायला फार थोडं लागतं. पकडीत असताना बोटाचं टोक जरी मध्यरेषेपलीकडे टेकलं तरी तो सुटला, आणि तोपर्यंत त्याला हात लावलेले सगळे बाद!

आता चांगल्या उंचीचा गडी पडता पडता हात लांबवतो तेव्हा दोन मीटरपेक्षा जास्त अंतर सहज कापतो. म्हणून मध्यरेषेजवळ त्याच्यावर झडप घालणं म्हणजे गुण वाटण्याचा धंदा. तो बोनस रेषेपाशी असतो तेव्हा मात्र घर पावणेपाच मीटर लांब असतं. पकडीची खरी जागा ती. त्यामुळे रक्षणाचं पहिलं काम पकडण्याचं नाहीच. मागे सरकत त्याला आत येऊ द्यायचं, आणि मग त्याच्या परतीच्या वाटेवर दार लावायचं. बघणाऱ्याला वाटतं, हे घाबरून मागे पळतायत. पळत नाही हो, जागा तयार करतोय!

दार लावायला माणसं लागतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. दोन टोकांना दोन कोपरे. त्यांच्या शेजारी इन, मग कव्हर आणि मधोमध एक, असे सात. कोपऱ्याचं काम पायाचं, म्हणजे घोटा किंवा मांडी धरून गती मारायची. कव्हरचं काम अंगाचं, म्हणजे समोर आडवं येऊन वाट अडवायची किंवा डॅश देऊन बाजूच्या रेषेबाहेर काढायचं. शेजारचे दोघे हातात हात घालतात ती साखळी. मेकॅनिक्समध्ये आपण ट्रस शिकलो तसंच हे आहे. एक जॉइंट सुटला तर बाकीचे मेंबर कितीही मजबूत असोत, डोलारा खाली येतो.

समजा मी एकट्याने घोटा धरला आणि कव्हर अर्ध्या सेकंदाने उशिरा आला. चढाईपटू पाय झटकतो, मला ओढत दोन पावलं जातो, कव्हर आणि इन मागून त्याच्या अंगावर पडतात आणि त्याचा हात रेषेला लागतो. एका गुणाऐवजी तीन गेले. त्यापेक्षा मी हात घातलाच नसता तर बरं! म्हणून आमच्यात खूण आहे. साखळीतला शेजाऱ्याचा पंजा दाबतो, तो दाब आल्याशिवाय कोणी उडी घ्यायची नाही. हिरोगिरी इथे चालत नाही.

पुढचा भाग अभ्यासाचा. (हो, इथेही सबमिशन आहे!) प्रत्येक चढाईपटूची एक लाडकी चाल असते. प्रदीप नरवालची डुबकी बघा. साखळी समोर आली की तो तिच्या हाताखालून बुडी मारून निघून जातो. २०१७ मध्ये पटना पायरेट्सकडून हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात चढाईचे ३४ गुण मिळवले होते. अशा माणसापुढे ताठ उभं राहून चालत नाही. गुडघे वाकवून खाली बसायचं आणि साखळी खांद्याच्या नाही, कमरेच्या उंचीवर ठेवायची. याउलट अजय ठाकूरसारखा वरून बेडूक उडी मारणारा असेल तर सगळेच खाली वाकले की त्याचं फावतं. म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. तो कोणत्या बाजूने आत शिरतो, कोणता पाय पुढे टाकतो, दमल्यावर कुठे वळतो हे आधी टिपून ठेवावं लागतं.

आमच्याकडे ही टिपणं ठेवणारा एक सिनियर आहे. दोन वर्षांपूर्वी तो आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू होता. एका गावच्या स्पर्धेत पकड पूर्ण झाली, शिट्टी वाजली, तरी वरून आणखी दोघे पडले आणि त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला. ऑपरेशन झालं, खेळ सुटला. आता तो रेषेबाहेर वही घेऊन बसतो. झोनलमधल्या त्या गड्याची चार पानं त्याच्या वहीत आहेत. त्या पानांवर त्याने आम्हाला एकच अट घातली आहे, ती शेवटी सांगतो.

आता सगळ्यात मजेदार भाग, जो टीव्ही बघताना लक्षातच येत नाही. स्टार चढाईपटूला रोखायची सगळ्यात खात्रीची जागा मैदानात नाही, बाहेर बाकावर आहे! तो एकदा बाद झाला की त्याच्या टीमने आपला गडी बाद केल्याशिवाय आत येऊ शकत नाही, आणि जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. मग आपण काय करायचं? पहिलं म्हणजे आपल्या चढाईपटूने उगाच धाडस करायचं नाही. तो पकडला गेला की त्यांच्या वाघाला पिंजऱ्यातून आपणच सोडलं. दुसरं, बोनसच्या गुणावर कोणी जिवंत होत नाही. त्यांचा दुसरा चढाईपटू बोनस घेत असेल तर घेऊ दे बापडा. एक गुण गेला, पण स्टार बाकावरच राहिला. बोनस वाचवायला पुढे झेपावलो आणि शिवले गेलो, तर गुणही गेला आणि तोही आत आला. तिसरं, लोण चढला की त्यांचे सातही आत येतात, त्यात तोही आलाच. लोणाचे दोन गुण वरकड मिळतात, तेव्हा लोण सोडायचा नाही, पण पुढच्या चढाईला तोच येणार हे धरून उभं राहायचं.

तिसऱ्या चढाईचंही असंच. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. स्टार स्वतः त्या चढाईला आला तर घाई त्याला असते, आपल्याला नसते. ३० सेकंद नुसते अंतर राखून काढले तरी तो बाद. पण हे नुसतं उभं राहणंच सगळ्यात अवघड जातं, कारण बाहेरून पब्लिक 'धर की रे!' म्हणून ओरडत असतं.

हे सगळं जगात सगळ्यात चांगलं कोणी दाखवलं असेल तर इराणने. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अहमदाबादला मध्यंतरापर्यंत त्यांनी भारताला मागे ठेवलं होतं. नंतर अजय ठाकूर सुटला आणि आपण ३८-२९ जिंकलो. दोनच वर्षांनी, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत त्याच इराणने भारताला १८ गुणांवर रोखलं आणि २७-१८ असं हरवलं. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण आपल्याकडेच होतं, ते पहिल्यांदा गेलं. फजल अत्राचलीसारखा डाव्या कोपऱ्यावरचा गडी त्यांच्याकडे होता हे खरं, पण त्याच्या शेजारी कव्हर वेळेवर पोचत होते, हेही तितकंच खरं. आपल्या पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला विजेतेपद मिळवलं तो अंतिम सामनाही २८-२५ असा कमी गुणांचाच होता. दोन्हीकडचं रक्षण तगडं असलं की स्कोअर असा होतो.

आता ती अट. सिनियरने वहीतली पानं देताना सांगितलं, "शिट्टी वाजली की हात सोडायचे. कैची मारायची नाही, कपडे ओढायचे नाहीत, पडलेल्यावर पडायचं नाही." कैची आणि कपडे ओढणं नियमातच बसत नाही, पण यात्रेच्या मैदानात पंच एक आणि गर्दी हजार, तिथे नियम कोण बघतो? उन्हाने कडक झालेल्या मातीवर तर गुडघा आणि घोट्याची काहीच शाश्वती नसते. समोरच्या गड्यालाही आपल्यासारखीच सेमिस्टर असते, प्लेसमेंट असतं, घरी वाट बघणारे आई-वडील असतात. आमच्यातल्या एकाने विचारलं, "आणि तो तसाच सुटून गेला तर?" सिनियर म्हणाला, "मग तुमची साखळी उशिरा आली. उद्या अर्धा तास जास्त प्रॅक्टिस करा."

तेव्हा सध्या रोज संध्याकाळी साडेपाचला मेसमागच्या मैदानावर आमची साखळीची प्रॅक्टिस चालू आहे. तो गडी म्हणून खेळायला फर्स्ट इयरचा एक चपळ पोरगा मिळालाय, सोमवारपर्यंत तो दहापैकी आठ वेळा सुटत होता, काल सहा वेळा सुटला. कोणाला वेळ असेल तर बघायला या. आणि येऊन त्याच्याकडे बघू नका, आमच्या पायांकडे बघा. कोण उशिरा पोचतोय ते बाहेरून जास्त चांगलं दिसतं, तेवढं आम्हाला सांगा.