समुद्रावरून घरी निरोप कसा येतो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एक विद्यार्थी दोन-तीन दिवस फार उदास दिसला. जवळ बसवून विचारता कळले की, त्याचे वडील प्रवाशांच्या एका मोठ्या आगबोटीवर भटारखान्यात आचारी आहेत. मुलाचा वाढदिवस येऊन गेला, तरी त्यांच्याकडून फोन नाही, की दोन शब्दांचा निरोप नाही. "बाबा मला विसरले," एवढेच तो म्हणाला. चौथ्या दिवशी निरोप आला. बोट नॉर्वेच्या उत्तरेस स्पिट्सबर्गन बेटांकडे गेली होती व तेथे इंटरनेट लागत नव्हते. वडील विसरले नव्हते. त्यांचा निरोप पोहोचण्यास वाटच नव्हती. ही वाट कशी असते, ती मधेच का तुटते व तिचा उपयोग शहाणपणाने कसा करावा, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

आपला मोबाइल जमिनीवरील मनोऱ्यांच्या आधाराने बोलतो. बोट किनाऱ्यापासून काही मैल दूर गेली की, मनोऱ्याचा हात तिला पोहोचत नाही. देशोदेशींचे इंटरनेट बहुतांशी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून वाहते हे खरे. परंतु त्या तारा बोटीच्या खालून गेल्या, तरी चालत्या बोटीस त्या जोडता येत नाहीत. तेव्हा तिला एकच दिशा मोकळी राहते, ती म्हणजे आकाश.

मोठ्या बोटीच्या माथ्यावर पांढरे घुमट दिसतात. त्यांच्या आत एक तबकडी असते. बोट लाटांवर कितीही डोलली, तरी यंत्राच्या साहाय्याने ही तबकडी आपले तोंड आकाशातील कृत्रिम उपग्रहाकडेच ठेवते. जुन्या पद्धतीचे उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा करते, तेवढ्याच वेळात तेही एक फेरा करतात. म्हणून खालून पाहता ते एका जागी खिळल्यासारखे भासतात. अशा उपग्रहांच्या द्वारे सर्व जगात संदेश पोहोचविता येतील, हे आर्थर क्लार्क या लेखकाने 1945 साली एका लेखात मांडले होते.

या योजनेत दोन अडचणी आहेत. पहिली अंतराची. विद्युल्लहरी सेकंदास सुमारे 3 लक्ष किलोमीटर धावतात; तरी शब्द वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो व उत्तर परत येण्यास आणखी पाव. म्हणून बोलणारे एकमेकांच्या शब्दांवर शब्द घालतात व "ऐकू येते ना?" असे पुनःपुन्हा विचारतात. दुसरी अडचण दिशेची. जितके उत्तरेस किंवा दक्षिणेस जावे, तितका हा उपग्रह क्षितिजाकडे झुकत जातो. ध्रुवाजवळच्या समुद्रात तो इतका खाली येतो की, एखादा डोंगर, किंबहुना बोटीचे स्वतःचे धुराडेही मध्ये आडवे येते. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा निरोप अडला तो येथेच.

अलीकडे यात मोठी सुधारणा झाली आहे. स्टारलिंक नावाच्या योजनेचे हजारो लहान उपग्रह सुमारे 550 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती वेगाने फिरतात. एक मावळतो तो दुसरा उगवलेला असतो व बोटीवरील यंत्र एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरते. अंतर थोडे, म्हणून विलंबही थोडा. 2022 सालापासून पर्यटनाच्या मोठ्या बोटी या सोयीचा अवलंब करू लागल्या. तथापि वाट रुंद झाली, तरी वाटसरूही वाढले. आजच्या सर्वांत मोठ्या बोटींवर सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. संध्याकाळी सर्वांनीच चित्रपट पाहू म्हटले, तर कोणाचेच काम नीट होत नाही.

समुद्रावरील संदेशाची वाट अरुंद असते, हा धडा जगाने पूर्वी फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. मार्कोनी याने 1899 साली 'सेंट पॉल' या बोटीवर इंग्लंडच्या किनाऱ्यावरून बिनतारी बातम्या मिळविल्या व त्या बोटीवरच छापून प्रवाशांच्या हाती दिल्या, तेव्हा लोक थक्क झाले. पुढे तेरा वर्षांनी, 14 एप्रिल 1912 च्या रात्री, 'टायटॅनिक' बोटीवरील तारमास्तर जॅक फिलिप्स प्रवाशांचे खाजगी निरोप किनाऱ्याकडे पाठविण्यात गढून गेला होता. जवळच्या 'कॅलिफोर्नियन' बोटीने, आम्ही बर्फात अडकून थांबलो आहो, अशी सूचना दिली. कामात व्यत्यय आला म्हणून फिलिप्सने तिला गप्प बसविले. त्या बोटीचा तारमास्तर थोड्या वेळाने यंत्र बंद करून निजला आणि त्यानंतर काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळली. मग फिलिप्स शेवटपर्यंत यंत्राशी बसून साहाय्य मागत राहिला व त्यातच त्याचा अंत झाला. त्याची हाक ऐकून 'कार्पेथिया' बोट धावून आली, म्हणून सातशेंवर माणसे वाचली. सुमारे पंधराशे बुडाली. त्यानंतर प्रवाशांच्या बोटींवर संकटाच्या संदेशासाठी अहोरात्र कान उघडा ठेवण्याचा नियम झाला. आज संकटाच्या संदेशास निराळी यंत्रे व निराळी वाट राखून ठेवलेली असते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. कोणी क्रूझच्या प्रवासास निघाल्यास बोट सुटताच मोबाइल 'एरोप्लेन मोड'वर ठेवावा व मग फक्त वायफाय सुरू करावे. तसे न केल्यास मोबाइल बोटीवरील उपग्रहाच्या मनोऱ्यास आपोआप चिकटतो व पुढे भरमसाट बिल हाती येते. परदेशासाठी घेतलेले साधे रोमिंग तेथे बहुधा लागू नसते. तिकिटे, नकाशे व महत्त्वाचे कागद घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावेत. बँकेचे व्यवहार शक्य तो निघण्यापूर्वीच उरकावेत. बंदरात उतरल्यावर मोबाइलचे घड्याळ तेथील वेळ दाखवू लागते, परंतु बोट मात्र आपल्या वेळेने सुटते. म्हणून हातातले साधे घड्याळ बोटीच्या वेळेस लावून ठेवावे. घरच्यांनी बोटीचे नाव, प्रवासाचा मार्ग व कंपनीच्या कचेरीचा फोन क्रमांक लिहून ठेवावा. निकडीच्या प्रसंगी कचेरीतून निरोप बोटीवर पोहोचविता येतो.

ज्यांची माणसे बोटीवर चाकरीस आहेत, त्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोकणातून व गोव्यातून कित्येक पिढ्या माणसे दर्यावर गेली. पूर्वी त्यांची पत्रे बंदरोबंदरी टपालात पडत व घरी पोहोचेपर्यंत आठवडे लोटत. खलाशांच्या हक्कांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात 2022 साली दुरुस्ती झाली व ती 23 डिसेंबर 2024 पासून अमलात आली. तीअन्वये बोटीच्या मालकांनी खलाशांस शक्य तेथवर इंटरनेटची सोय करून द्यावी व दर घेतल्यास तो वाजवी असावा, असे ठरले आहे. घरच्यांशी बोलणे ही चैन नसून कष्टकरी माणसाची गरज आहे, हे मान्य होण्यास इतका काळ लागला. तरीही त्या माणसाच्या कामाच्या पाळ्या लांब असतात, झोप थोडी असते व रात्र आपल्या दिवसाच्या वेळी येते. उत्तर तत्काळ आले नाही म्हणून रुसू नये. आठवड्याचा एक दिवस व वेळ ठरवावी; एरवी चार ओळी लिहून किंवा आवाजात निरोप भरून ठेवावा, म्हणजे वाट खुली होताच तो त्याला सापडेल.

प्रेषित पौल ज्या तारवात होता, ते वादळात सापडून चौदा दिवस भरकटले. त्यात 276 माणसे होती आणि त्यांची वार्ता किनाऱ्यावरील कोणासही नव्हती. आज ती वार्ता क्षणात कळते, हा ज्ञानाचा मोठा उपकार होय. परंतु यंत्र थांबले की प्रेमही थांबले, असे मानणे हे अज्ञान होय. आमच्या त्या विद्यार्थ्याने आता वर्गाच्या नकाशावर आपल्या वडिलांच्या बोटीचा मार्ग पेन्सिलीने आखला आहे. जेथे निरोप येण्याचा संभव नाही, तेथे तो लहानसे टिंब देतो व त्या दिवशी वडिलांसाठी प्रार्थना करतो. उदास मात्र होत नाही.